यादवीनंतर काय? समेट, सलोखा, मनोमीलन की दिलजमाई?

पानगळ :
पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमधल्या यादवीनंतरच्या गावांवरचा एक मोठा लेख मराठीत आणते आहे आणि चार दिवस एकाच शब्दावर अडले आहे : रिकन्सिलिएशन. कोशात समेट, तडजोड, सलोखा, मनोमीलन सगळं आहे, पण वाक्यात बसवायला गेलं की एकेक निसटतं.

थोडं संदर्भासाठी. २३ मार्च १९९१ रोजी लायबेरियाच्या बाजूने बंडखोर कैलाहून जिल्ह्यातल्या बोमारू गावात शिरले. युद्ध संपल्याचं जाहीर झालं जानेवारी २००२ मध्ये. मधल्या अकरा वर्षांत शाळकरी पोरांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या, साध्या माणसांचे हात तोडले गेले. ७०,००० हून अधिक लढणाऱ्यांनी शस्त्रं खाली ठेवली आणि त्यांतले कित्येक आपापल्या गावी परतले. म्हणजे ज्याने घर जाळलं तो आणि जिचं जळलं ती, पाणी भरायला एकाच विहिरीवर.

इथे 'समेट' लिहिलं तर बांधावरचं भांडण वाटतं. 'मनोमीलन' वाचलं की निवडणुकीच्या तोंडावर एकमेकांना हार घालणारे दोन गट दिसतात. काय लिहू?

रानजाई :
समेट नकोच. समेटाला दोन बाजू लागतात आणि दोघांनी थोडं थोडं सोडायचं असतं. जिचा हात तोडला तिने काय सोडायचं? तडजोडीचंही तेच.

मी सलोखा घेईन. 'सलोख्याने राहणे' असं आपण म्हणतो, त्यात राहणं आहे : येणंजाणं, उसनंपासनं, लग्नकार्याचं बोलावणं. बातम्यांतल्या 'जातीय सलोख्या'मुळे शब्दाला पोलीस ठाण्यातल्या शांतता समितीच्या बैठकीचा वास लागलाय, हे खरं. पण 'जावाजावांत सलोखा आहे' हे अजून घराघरांत म्हणतात, तेव्हा शब्द जिवंत आहे.

कैलाहून वाचून थबकले. तिथेच २००० साली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या आपल्या भारतीय जवानांना वेढा पडला होता. जुलैत 'ऑपरेशन खुकरी'ने त्यांना बाहेर काढलं.

जुनी वही :
सलोख्याच्या बाजूने आणखी एक. पेशवेकालीन पत्रांत 'सलूख' भेटतो, लढाईनंतरच्या बोलाचालीच्या संदर्भात. म्हणजे युद्ध या शब्दाला परकं नाही. 'तह' मात्र वेगळा ठेवा. तह दरबाराचा, सालबाईचा किंवा वसईचा. तुमच्या लेखात जुलै १९९९ चा लोमे इथला करार असेल, तो तह. त्याने बंडखोरांना माफी दिली, सत्य आणि सलोखा आयोगाची तरतूद केली. गावात जे व्हायचं ते तहाने होत नाही.

आता दिलजमाई. आज आपण दोघांची दिलजमाई म्हणतो, पण फारसी-उर्दूत दिलजमई म्हणजे मन एकवटलेलं असणं, स्वस्थता, निश्चिंती. एकाच माणसाच्या मनाची गोष्ट. शब्द मराठीत आला आणि एकाचा दोघांचा झाला.

पानगळ :
जुनी वही, तुम्ही नकळत माझी दुसरी अडचण सोडवलीत. आणि वाढवलीतही.

तिथल्या क्रिओ भाषेत 'कोल आट' असा शब्दप्रयोग आहे. शब्दशः 'गार काळीज'. आत धुमसणारं शांत होणं आणि मग माणसांत मिसळता येणं. मराठीत 'थंड काळजाचा' म्हटलं की खुनी उभा राहतो!

आणि 'फांबुल टॉक' आहे. फांबुल म्हणजे कुटुंब, टॉक म्हणजे बोलणं. याच नावाने २००७ पासून तिथे गावोगाव काम सुरू झालं. रात्री गावाच्या मध्ये मोठी शेकोटी पेटवायची, ज्याला बोलायचं त्याने सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं, ज्याने केलं त्याने माफी मागायची. दुसऱ्या दिवशी पूर्वजांचे विधी आणि गावजेवण. पहिली शेकोटी २३ मार्च २००८ रोजी बोमारूतच पेटली, युद्ध सुरू झाल्याला बरोबर सतरा वर्षं झाली त्या दिवशी. 'घरचं बोलणं' लिहू?

रानजाई :
'घरचं बोलणं' ठीक आहे, पण मूळ शब्द पहिल्यांदा तसाच ठेवा. आणि जवळपास कुठे तरी 'अबोला' येऊ द्या. 'अबोला सुटला' यात जे आहे ते कोणत्याही संस्कृत जोडशब्दात नाही. घरातल्याशीच अबोला धरतात, परक्याशी नाही.

'कोल आट'साठी माझ्या आजीचं क्रियापद देते : निवणे. दूध निवतं, डोळे निवतात, जीव निवतो. थंड पडणं वेगळं, निवणं वेगळं. निवण्याआधी तापलेलं असावं लागतं.

पानगळ :
निवणे! हेच हवं होतं.

आता मनोमीलन का नको, ते पक्कं सांगता येतं. २०१६ मध्ये या शेकोट्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २०० गावं घेतली होती, त्यांतल्या काहींमध्ये हे कार्यक्रम झाले, काहींमध्ये नाही, आणि मग तुलना केली. जिथे झाले तिथे लोकांनी जास्त माफ केलं, ओळखीपाळखी वाढल्या, गावाच्या कामाला हातभार वाढला. पण त्याच गावांत उदासी, चिंता, जुन्या आघाताचा त्रास हेही वाढलं. उघड बोलल्याने गाव सांधलं, बोलणाऱ्याची जखम मात्र पुन्हा उघडली. हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. ज्या शब्दात 'मन' आहे तो इथे वापरला, तर त्या बायकांवर अन्याय होईल. म्हणून दोन शब्द लागतील : गावासाठी सलोखा, माणसासाठी निवणं.

शेवटचं विचारते. तिथे एक म्हण आहे, 'वाईट पोराला टाकून द्यायला वाईट रान नसतं.' आपलं 'आपलेच दात, आपलेच ओठ' चालेल?

जुनी वही :
नाही चालणार. आपल्या म्हणीत गप्प बसणं आहे, तक्रार कोणाकडे करायची असं. त्यांच्या म्हणीत पोराला घरात घेणं आहे. शब्दशःच ठेवा, रान मराठी वाचकाला कळतं.

पानगळ :
ठेवते. परिच्छेद असा झालाय : 'सकाळी गाव एका पंगतीला जेवलं. सलोखा झाला होता. तिचा अबोलाही सुटला होता, जीव मात्र अजून निवला नव्हता.'