छोट्या प्रेस शॉपमध्ये सेफ्टीचं काम सुरू करायचंय, कुठून करू?

प्रेसवाला_भोसरी:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं शॉप आहे, पंचवीसेक माणसं, पत्रा कापायच्या-दाबायच्या आठ पावर प्रेस, बहुतेक जुन्या पिन क्लचच्या (क्लच म्हणजे फिरत्या चाकाशी प्रेस जोडणारा भाग, आमच्यात तो पिनचा). शेजारच्या गाळ्यात एका पोराची दोन बोटं गेली, तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. नुसते बोर्ड नाही लावायचेत, खरंच काहीतरी करायचंय. एक एजन्सीवाला म्हणतो सेफ्टी ऑफिसर ठेवा, फाइल बनवून देतो, दुसरा म्हणतो सगळ्या प्रेसना लाइट कर्टन लावा, म्हणजे हात आत आला की प्रकाशकिरण अडून मशीन थांबवणारा सेन्सर. काय करू?

टूलरूम_अण्णा:
दादा, कर्टनवर पैसे घालू नका. पिन क्लचची प्रेस एकदा सुटली की स्ट्रोक पुरा करूनच थांबते, मग कर्टनला हात दिसून उपयोग काय? ते हवेवर चालणाऱ्या न्यूमॅटिक क्लचवाल्या प्रेसला, ती मध्येच थांबू शकते. तुम्ही डायभोवती, म्हणजे साच्याभोवती, फिक्स गार्ड करा, पत्र्याची पट्टी आत जाईल पण बोट जाणार नाही एवढीच फट ठेवा, आणि जिथं पीस हातानेच ठेवावा लागतो तिथं चिमटा नाहीतर मॅग्नेट द्या. पिन आणि स्प्रिंग रोज शिफ्टच्या आधी बघायचीच, कारण स्प्रिंग गेली की पॅडल न दाबता प्रेस डबल मारते, म्हणजे आपोआप दुसरा स्ट्रोक देते, आणि नेमका तेव्हाच हात पीस काढायला आत असतो. डाय बदलताना मेन स्विच बंद, फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या, स्विचला कुलूप आणि चावी डाय बसवणाऱ्या सेटरच्याच खिशात.

कामगार_कायदा_पुणे:
सेफ्टी ऑफिसर कामगार सुरक्षेच्या नवीन कायद्यात (ओएसएच कोड) ५०० कामगारांना लागतो, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५०. तुम्हाला त्याची सक्ती नाही. पण मशीनला गार्ड हवाच, हे १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्येही होतं. ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) १० माणसांपासून लागू होतं, कंत्राटी पोरांची नोंद पहिल्याच दिवशी करा, बोट गेल्यावर धावपळ करून नाही.

ऑपरेटर_चाकण:
मी स्वतः प्रेसवर असतो म्हणून सांगतो. गार्ड लावला की तासाचे पीस कमी होतात, मग टार्गेटसाठी सुपरवायझरच म्हणतो काढ तो. टू-हँड बटणवाल्या प्रेसला एका बटणावर टेप मारून चालवणारे पण बघितलेत. त्यामुळे आधी गार्ड लावून किती पीस होतात ते बघून टार्गेट ठरवा. आणि प्रेस डबल मारली असं पोरानं येऊन सांगितलं तर त्याला झापू नका, तिथल्या तिथं ती प्रेस बंद करा. एकदा झापलं की परत कोणी सांगत नाही. बिहारची पोरं असतील तर हिंदीत समजवा, मराठी बोर्ड त्यांना कळत नाही.

प्रेसवाला_भोसरी:
टार्गेटचं डोक्यातच आलं नव्हतं, सुपरवायझरशी आजच बोलतो. क्लचचं चेकिंग पण उद्यापासून. अण्णा, गार्ड पॉलीकार्बोनेटचा करू का?

टूलरूम_अण्णा:
तेलानं आणि ओरखड्यांनी तो लवकर धूसर होतो हो, मग दिसत नाही म्हणून पोरं काढून ठेवतात. उभ्या सळ्यांचा करा, डाय नीट दिसते. ज्या प्रेसवर हात सगळ्यात जास्त आत जातो तिचा पहिला.