"देवानं मला सांगितलं" असं कोणी म्हटलं तर?

गिरणाकाठ

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हल्ली हे वाक्य फार ऐकू येतं. मुलीचं स्थळ, प्लॉटचा सौदा, कोणी कोणत्या उपासनेला जायचं, सगळं देवानं सांगितलेलं असतं. मी जळगावची, जन्मापासून ख्रिस्ती. देव माणसाशी बोलतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण "देव बोलला" असं सांगणाऱ्याचं बोलणं पवित्र शास्त्राशी ताडून पाहिल्याशिवाय मानू नये, असं माझं ठाम मत झालंय. त्याचं कारणही सांगते.

मागच्या मे महिन्यात गावात प्रार्थनेची मोठी सभा होती. बाहेरगावचे एक सेवक, म्हणजे प्रवचन करणारे, आले होते. त्यांनी माझ्या आईच्या डोक्यावर हात ठेवला आणि माईकवरून सांगितलं, "प्रभू मला दाखवतो आहे, या बहिणीची साखर आजपासून गेली. गोळ्या म्हणजे अविश्वास." आईनं गोळ्या बंद केल्या आणि घरात कुणाला कळू दिलं नाही. एकोणीस दिवसांनी पहाटे कळण्याची भाकरी थापता थापता ती परातीवरच कलंडली. साखर चारशेच्या वर. दवाखान्यातून आल्यावर देवघराच्या फळीवर, बायबलच्या मागे, मला गोळ्यांची पाकिटं सापडली. रबर लावून नीट ठेवलेली. टाकून द्यायचंही तिला धाडस झालं नव्हतं.

आता शास्त्र काय सांगतं बघा. हिज्कीया राजा मरायला टेकला होता. यशया संदेष्ट्यानं त्याला देवाचा निरोप दिला की तू बरा होशील. आणि त्याच यशयानं गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितला. देवाचं वचन आणि औषध एकाच तोंडून, एकाच दिवशी (२ राजे २०). लूक तर स्वतः वैद्य होता. मग गोळ्या म्हणजे अविश्वास, हे कोणत्या देवानं सांगितलं?

इब्री लोकांस पत्राची सुरुवातच अशी आहे की देव पूर्वी संदेष्ट्यांद्वारे अनेक प्रकारे बोलला आणि शेवटी पुत्राच्या द्वारे बोलला. ते बोलणं आपल्या हातात आहे, छापलेलं. रोज उघडून वाचायचं सोडून आपण माईकवाल्याकडे कान का लावतो?

रंगावली

ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. त्या सेवकानं चूकच केली, त्यात दुमत नाही. पण "छापलेलं आहे, उघडून वाचा" हे वाक्य मला लागलं.

मी नवापूर तालुक्यातली. आमच्या घरात मावची बोलतात. माझी आजी विश्वासात आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती, आणि जे बायबल होतं ते मराठीत. मराठी तिला बाजारापुरती यायची. तिला स्वप्न पडलं. पांढऱ्या कपड्यातला एक माणूस तिच्या शेताच्या बांधावर बसून तिला नावानं हाक मारत होता, मावचीत. ती सकाळी उठून चार मैल चालत पाळकांकडे गेली. मरेपर्यंत तिनं वाचलं काहीच नाही, पण रोज पहाटे ती देवाशी बोलायची आणि मग बराच वेळ गप्प बसायची. आम्ही विचारलं तर म्हणायची, आता त्याची पाळी आहे.

ही बाई देवाचं ऐकत नव्हती असं तुम्ही म्हणाल का? पेन्टेकॉस्टच्या दिवशी, येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा, पार्थी, मेदी, एलामी, प्रत्येकानं आपापल्या भाषेत ऐकलं. कुणालाही आधी इब्री शिकून या असं सांगितलं नाही. आणि आपल्या महाराष्ट्रातच बघा, १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींवर पवित्र आत्मा उतरला. अमेरिकेतल्या अझुसा स्ट्रीटचं पुनरुज्जीवन त्याच्या पुढच्या वर्षीचं. त्या मुली काय पंडित होत्या? फसवणारे आहेत म्हणून आत्म्याचं तोंड बंद करायचं का?

सातपुडा

मी कुठल्याच धर्माचा नाही, पण प्रश्न मनापासून विचारतो. आवाज खरा की खोटा हे पुस्तकावरून ठरवायचं म्हणता. ते पुस्तकही कुणीतरी "देवानं मला सांगितलं" म्हणूनच लिहिलं ना? मग पहिला आवाज कशावर पारखला? आणि आजींचं स्वप्न. माणसाला जी ओढ असते तीच स्वप्नात येते. माझे वडील गेल्यावर वर्षभर ते मला ओट्यावर बसलेले दिसायचे. मी त्याला निरोप म्हटलं नाही.

केळीबाग रावेर

आम्ही वारकरी. घरात कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, बसते, कधी कुणाच्या अंगात येतं, लोक पाया पडून प्रश्न विचारतात. माझ्या आजोबांचा एक नियम होता. अंगात आलेल्या बाईनं पैसे मागितले किंवा कुणा जावेचं नाव घेऊन दोष दिला, की ते हात जोडून म्हणायचे, "माय, आता शांत व्हा," आणि नारळ फोडून मोकळे व्हायचे.

तुकोबांच्या स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि अभंग रचायचं काम सांगून गेले. ते स्वप्न आम्ही खरं मानतो, कारण त्यानंतर तुकोबांना सुख मिळालं नाही, काम मिळालं. आणि ते त्यांनी जन्मभर केलं. सातपुडा यांना माझं उत्तर हेच. ओढीचं स्वप्न आपल्याला हवं ते देतं.

तुमच्यात आणि आमच्यात यात नेमका फरक काय, ते कुणी सांगेल का? वाद घालायला विचारत नाही.

भुसावळ जंक्शन

मी कॅथलिक, वडील रेल्वेत होते म्हणून इथे वाढलो. फरक सांगायचा प्रयत्न करतो. आमच्या श्रद्धेनुसार देवानं जे सांगायचं ते येशूमध्ये पूर्ण सांगितलं. त्यात कुणाच्या दर्शनानं नवी भर पडत नाही. लूर्डला १८५८ मध्ये, फातिमाला १९१७ मध्ये माता मरियेचं दर्शन झालं, चर्चनं चौकशी करून ते मान्यही केलं. तरी त्यावर विश्वास ठेवलाच पाहिजे असं बंधन कोणत्याही कॅथलिकावर नाही. दर्शन खरं असलं तरी ते आधी सांगितलेलं जगायला मदत करण्यापुरतं.

म्हणून गिरणाकाठ ताईंशी मी अर्धा सहमत आहे. पण एकटीनं पुस्तक उघडून पारखायचं, हे मला धोक्याचं वाटतं. त्या सेवकाकडेही बायबल होतंच की! त्यानंही कुठलीतरी ओळ काढून दाखवली असती. पारखायला पूर्ण मंडळी लागते, आधीच्या पिढ्या लागतात. प्रेषितांनी यरुशलेमेत बसून निर्णय केला तेव्हा लिहिलं की पवित्र आत्म्याला आणि आम्हाला हे योग्य वाटलं. 'मला' असं कुणी लिहिलं नाही.

गिरणाकाठ

सगळ्यांचं दोनदा वाचलं. भुसावळ जंक्शन, "त्याच्याकडेही बायबल होतंच" हे खरंय. मान्य करते. पण मंडळी म्हणजे तरी काय? त्या दिवशी मांडवात दोनशे माणसं होती आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पौलानं लिहिलंय की संदेष्ट्यांनी दोघा-तिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी त्याचा निर्णय करावा (१ करिंथ १४). आमच्याकडे निर्णय करायला कुणी उठलं तर त्याला खाली बसवतात. तेव्हा नुसती मंडळी नको, तोंड उघडणारी मंडळी हवी.

रावेरकर, तुमच्या आजोबांची कसोटी मीखा संदेष्ट्याची आहे. पैसे घेऊन भविष्य सांगणारे आणि तोंडात घास घातला नाही तर भांडायला उठणारे, असं तो लिहितो. आणि काम मिळालं म्हणून स्वप्न खरं, हे मी लिहून ठेवलंय. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आज त्या पुलाची एक फळी तुम्ही दाखवलीत.

सातपुडा, पहिल्या आवाजाचं उत्तर मी सिद्ध करून देऊ शकत नाही. आम्ही येशूचं जगणं, मरणं आणि पुन्हा उठणं खरं मानतो, आणि बाकीचं त्यावर उभं आहे. तुमच्या वडिलांना तुम्ही ओट्यावर पाहिलंत, त्याला निरोप म्हणा असा आग्रह मी कधी धरणार नाही.

रंगावली

ताई, शमुवेलाची गोष्ट पुन्हा काढा. लहान पोर, रात्री हाक ऐकतो, तीनदा एलीकडे धावतो. एलीनं ओळखलं की हाक देवाची आहे आणि सांगितलं, म्हण, "बोल, तुझा दास ऐकत आहे." म्हणजे ओळखायला म्हातारा जाणता लागलाच, ते तुमचं खरं. पण हाक पोराला आली. एलीला नाही. आणि निरोप एलीच्याच घराण्याविरुद्ध होता, तरी तो म्हणाला, माझ्यापासून काही लपवू नकोस.

नव्या करारातल्या अगबा संदेष्ट्याचंही तसंच. त्यानं पौलाच्या कमरपट्ट्यानं स्वतःचे हातपाय बांधून दाखवले, यरुशलेमेत तुला असं बांधतील म्हणाला. एवढंच सांगितलं. जावं की न जावं हे पौलानं देवापुढे स्वतः ठरवलं, आणि तो गेला. खरा संदेष्टा दुसऱ्याच्या वतीनं ऐकत नाही. तुमच्या आईंच्या बाबतीत त्या सेवकानं नेमकं तेच केलं.

पंडिता रमाबाईंचं एक राहिलं. ज्या बाईंच्या मिशनमध्ये आत्मा उतरला, त्याच बाई इब्री आणि ग्रीक शिकून साध्या बायकांसाठी बायबल मराठीत आणत होत्या. १९२२ मध्ये त्या गेल्या, ते भाषांतर १९२४ मध्ये पूर्ण छापून निघालं. तुम्ही आणि मी ज्या दोन टोकांवर भांडतोय ती त्यांच्या एकाच घरात होती.

एक विचारू? आईंना तुम्ही कधी विचारलंत का, त्या दिवसांत त्यांना स्वतःला काय ऐकू येत होतं?

गिरणाकाठ

नव्हतं विचारलं. मी फक्त रागावले होते तिच्यावर.

काल रात्री विचारलं. ती मच्छरदाणी खोचत होती. हात थांबले. मग म्हणाली, "माले तं वाटे गोळी लेवाले जोयजे. रोज रातले वाटे. पन इतला मोठा मानूस माईकवर सांगस, तठे मन्हं कोन आयकी?"

रोज रात्री वाटत होतं तिला. पाकिटं म्हणूनच टाकली नव्हती, बायबलच्या मागे ठेवली होती. त्यानंतर आम्ही दोघींनी दिवा मालवला नाही. मी तिला शमुवेलाचा तिसरा अध्याय वाचून दाखवला, आणि "तुझा दास" आलं तिथे ती मला थांबवून म्हणाली, परत वाच.