‘ओटीपी सांगू नका’ म्हटलं की विषय संपतो का?

जुना खातेदार: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘ऑनलाइन फसवणुकीची भीती हा बातम्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे. ओटीपी सांगू नका, विषय संपला.’ रात्रभर डोक्यात तेच होतं. माझ्या भावानं ओटीपी कुणाला सांगितलाच नव्हता. पोलिस असल्याची बतावणी करणाऱ्यानं त्याला दोन तास फोनवर अडकवून ठेवलं, अटकेची धमकी दिली आणि त्यानं स्वतःच्या हातानं पैसे पाठवले. बँकेचं उत्तर एका ओळीचं: ‘व्यवहार तुम्हीच केलात.’ चोराइतकीच धास्ती लोकांना या ओळीची वाटते.

तर्कट: ते मीच लिहिलं होतं. भावाचं ऐकून वाईट वाटलं, पण एका अनुभवावरून जग मोजू नका. जे चटकन आठवतं ते वारंवार घडतं असं वाटतं, हे टव्हर्स्की आणि कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्येच मांडलंय. सुखरूप पार पडलेल्या व्यवहाराची बातमी होत नाही. आणि अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहक संरक्षण पाहणाऱ्या सरकारी संस्थेकडच्या तक्रारी बघा. पैसे गेल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण सत्तरीपुढच्यांपेक्षा विशीतल्यांत जास्त आहे.

सांजवात: अर्धंच का सांगता? त्याच तक्रारींत वयस्कांची गेलेली रक्कम मोठी असते. विशीत गेलेले पैसे पुन्हा कमावता येतात, निवृत्तीनंतर कुठून आणायचे?

काउंटरपलीकडची: मी बँकेत तक्रारी घेते. माणसं आठ-आठ दिवस घरात कुणाला सांगत नाहीत, कारण पहिला प्रश्न येतो, ‘एवढे शिकलेले, फसलात कसे?’ तोवर पैसा भाड्याच्या चार खात्यांतून फिरून गेलेला असतो. आणि बँकांचंही सांगते. आम्हीच अनोळखी नंबरवरून फोन करून जन्मतारीख विचारतो, आणि आम्हीच ‘माहिती देऊ नका’ असे मेसेज पाठवतो.

तर्कट: मग सगळ्यांचे पैसे बँकेनं भरायचे? लोक बेफिकीर होतील.

जुना खातेदार: बेफिकीर? माझा भाऊ तीन महिने नीट झोपलेला नाही! ब्रिटनमध्ये 7 ऑक्टोबर 2024 पासून अशी भरपाई सक्तीची आहे, कमाल 85,000 पौंड. पाठवणारी आणि पैसे जमा करून घेणारी, दोन्ही बँका निम्मी-निम्मी सोसतात. अगदीच हलगर्जीपणा असेल तर नाकारताही येते.

तर्कट: चोराचं खाते उघडणाऱ्या बँकेलाही भुर्दंड, हे मला ठाऊक नव्हतं. तेवढं मान्य. बातम्यांबद्दलचं मत मात्र बदलणार नाही.

सांजवात: भाऊ आता कसे आहेत?

जुना खातेदार: फोन वाजला की आधी मला दाखवतो. बिलंही मीच भरतो त्याची.