अनुभव धागा: ग्रुप सोडताना

म्यूट करायला गेले आणि बोट भलतीकडे पडलं. पुढच्या 'नक्की का?'लाही घाईत हो म्हणून टाकलं, आणि मी सासरच्या ग्रुपमधून बाहेर! व्हॉट्सॲपवर गुपचूप बाहेर पडायची सोय २०२२पासून आहे, पण ॲडमिनला कळतंच, आणि ॲडमिन आमच्या नणंदबाई. पाच मिनिटांत फोन. "वहिनी, कुणी काही बोललं का तुला?" बोट चुकलं म्हटलं तर पटेना. संध्याकाळपर्यंत मी रुसल्याचं सर्वमान्य झालं होतं. रात्री दीर समजूत काढायला लागले तेव्हा, खरं सांगते, मलाही जरा रुसल्यासारखं वाटायला लागलं.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. कुणाकडून निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. ग्रुपमधून निघताना 'येते' कसं म्हणायचं? तुम्ही सोडलेले, सोडवत नसलेले, नको असून धरून ठेवलेले ग्रुप... लिहा. नावगाव नको, अनुभव हवा.

पिंपळपान
कायमचा म्यूट. प्रश्न मिटला.

कोरा_कागद
आमची मावशी २०१९मध्ये गेली. भाचरांच्या ग्रुपवर रोज पहाटे साडेपाचला तिचा फुलाचा फोटो यायचा आणि आम्ही सगळे मनातल्या मनात वैतागायचो. फोनची जागा भरते म्हणून मी फोटो आपोआप उतरणंच बंद करून टाकलं होतं.

ती गेल्यावर मावसभावाने तिचा फोन बंद करून कपाटात ठेवला. ग्रुपमधून तिचा नंबर काढावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. मग चार महिन्यांनी एका दुपारी करड्या अक्षरांत ओळ उमटली : 'मावशी लेफ्ट'.

त्यानंतर दिवसभर ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. मी मावसभावाला फोन केला तर तो म्हणाला, "मी हात नाही लावलेला रे फोनला." नंतर समजलं, १२० दिवस खातं वापरलं नाही की ते आपोआप पुसलं जातं आणि सगळ्या ग्रुपमधून बाद होतं. म्हणजे यंत्राचा नियम. त्या रात्री मी वर वर सरकत तिचे फोटो उघडायला बसलो. बरेचसे आता उतरतच नव्हते. नुसते धूसर चौकोन. लाल काहीतरी, पिवळं काहीतरी.

धागाकर्ती
@कोरा_कागद, काय लिहावं कळत नाही. वाचलं, एवढंच.

खडूस_ॲडमिन
फार हळवं चाललंय, म्हणून ॲडमिनची बाजू. रॉबिन डनबार नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की माणसाला साधारण १५० जणांशीच खरीखुरी ओळख सांभाळता येते. व्हॉट्सॲप ग्रुपची मर्यादा एके काळी २५६ होती, २०२२मध्ये १०२४ झाली. उरलेल्या पावणेनऊशेंचं काय करायचं, ते ॲडमिनने बघायचं!

आमचा छंदाचा ग्रुप. नियम एकच : विषयाबाहेरचं नको. एका सद्गृहस्थांना तीनदा समजावलं, चौथ्यांदा काढलं. त्यांनी त्याच रात्री 'खरा ग्रुप' काढला आणि चाळीस जण नेले. त्यातले निम्मे आता दोन्हीकडे आहेत आणि इकडचं तिकडे पोचवतात. फॉरवर्डवर बंधनं आली, २०२०पासून तर फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्याने काय झालं? लोक कॉपी-पेस्ट शिकले. माणूस ठरवून बसला की कुठलं बटण त्याला आवरत नाही.

ॲडमिनपद सोडायचंय हो मला. कुणी घेत नाही.

वाचनमात्र
आयडी काढून सहा वर्षं झाली, हा माझा पहिला प्रतिसाद. वेबसाइटी लोक कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६मध्ये मांडलं होतं की अशा ठिकाणी शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि एक जण सतत. मी नव्वदांतला.

वडिलांना विस्मरणाचा आजार होता. अशा रुग्णांना सांभाळणाऱ्यांच्या एका ग्रुपवर एक बाई लिहायच्या, बहुतेकदा रात्री तीनच्या सुमाराला. 'आज आई मला ताई म्हणाली.' 'आज आईने पाच वेळा आंघोळ झाली का विचारलं.' सल्ला मागायच्या नाहीत, नुसतं लिहायच्या. मी प्रत्येक ओळ वाचायचो. कधी साधा अंगठासुद्धा दिला नाही.

बाबांनी मला ओळखलं नाही त्या दिवशी त्या बाईंचंच एक वाक्य आठवलं : ओळख पटवायच्या फंदात पडू नका, ते ज्याला हाक मारतील तो माणूस व्हा. बाबा मला त्यांचा थोरला भाऊ समजले. मी भाऊ झालो. तासभर ते पोहायला शिकल्याचं सांगत होते, जे मला मुलगा म्हणून कधीच कळलं नसतं.

आभार मानायला गेलो, तर त्यांची शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची. निरोपाला उत्तर आलं नाही. बाबाही आता नाहीत. ग्रुप सोडलेला नाही. रात्री कुणी काही लिहिलेलं दिसलं तर 'वाचलं' एवढं टाकतो. धागाकर्तीने वर तोच शब्द वापरला, म्हणून लिहायला धीर झाला.

अर्धविराम
मी इथली बहुतेक सगळ्यात लहान. आमच्यात ग्रुप सोडणं हा प्रकारच नाही, कारण आमचे ग्रुप मरायलाच जन्मतात. सहलीचा ग्रुप, प्रोजेक्टचा ग्रुप, 'तिला सोडून बाकी सगळे' असा वाढदिवसाचा ग्रुप. काम झालं की तळाला जातो.

पण तुमच्या पिढीचा तो पूर्णविराम! बाबा 'ठीक आहे.' असं लिहितात आणि माझ्या पोटात गोळा येतो, आता काय केलं मी? हे माझं एकटीचं खूळ नाही बरं. २०१५मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या अभ्यासातही पूर्णविरामाने संपणारं उत्तर लोकांना कमी मनापासूनचं वाटलं होतं. बाबांना दाखवलं. त्यांचं उत्तर : 'बरं.'

जुनी_वही
आम्ही ऑर्कुटवाले, म्हणजे गूगलच्या त्या जुन्या मैत्रीच्या साइटवरचे. आम्हाला सोडायची वेळच आली नाही, ३० सप्टेंबर २०१४ला घरच बंद झालं. स्क्रॅप म्हणजे एकमेकांच्या पानावरचे निरोप, टेस्टिमोनियल म्हणजे मित्रमैत्रिणींनी आपल्याबद्दल लिहिलेलं... मैत्रिणीने माझ्याबद्दल सोळा ओळी लिहिल्या होत्या. २०१६पर्यंत ते सगळं उतरवून घेता येत होतं, 'करू उद्या' म्हणत मी राहिले. चूक माझीच. परवा तिला विचारलं, काय लिहिलं होतंस गं? म्हणाली, "चांगलंच असेल."

पिंपळपान
एक शंका. मला आता म्यूटसुद्धा नको झालंय. गुपचूप निघालो तर खरंच कुणाला कळत नाही ना?

खडूस_ॲडमिन
ॲडमिनला कळतं. शिवाय गेलेल्यांची यादी ६० दिवस दिसते, आतल्या कुणालाही.

पिंपळपान
साठ दिवस नाव टांगलेलं?

खडूस_ॲडमिन
हो.

पिंपळपान
राहू दे मग. आहे तसा बरा आहे.

खडूस_ॲडमिन
नुसते बसलाच आहात, तर ॲडमिन होता का?