सिव्हिलच्या रोजच्या कामात गणित किती लागतं?

प्रश्न – सिव्हिल, दुसरं वर्ष
एम-३ला (गणिताचा तिसरा पेपर) केटी लागलीये, म्हणजे नापास, परत द्यायचाय. सुट्टीत साइटवर जातोय. तिथे सगळे म्हणतात, गुणाकार-भागाकार आला की भागतं. महिना झाला, एकही इंटिग्रेशन दिसलं नाही. खरंच लागतं का पुढे?

उत्तर – साइट सुपरवायझर
सळईचा मिलिमीटरमधला व्यास घ्यायचा, वर्ग करून 162ने भागायचं, मीटरचं वजन किलोत मिळतं. 12ची सळई 0.89. लाइनआउटला, म्हणजे जमिनीवर आखणी करताना, गुण्या (काटकोन) 3-4-5च्या त्रिकोणाने काढतो. आमचं एवढ्यावर चालतं.

उत्तर – आरसीसी डिझाइन, 19 वर्षं
तो 162सुद्धा गणितातूनच आलाय. वर्तुळाचं क्षेत्रफळ, गुणिले पोलादाची घनता, घनमीटरला 7850 किलो, एककं जुळवली की झालं.

माझ्या टेबलावरचं सांगते. गेल्या महिन्यात एका बंगल्याचे मालक आले. बाल्कनी 1 मीटर बाहेर होती, झोपाळ्यासाठी त्यांना दीड मीटर हवी होती. "मॅडम, अर्धा मीटर तर वाढवायचाय, दोन सळया जास्त टाका." बाल्कनी म्हणजे कँटिलिव्हर, एकाच बाजूने धरलेली. सगळीकडे सारखा भार धरला तर तिचा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सव्वादोनपट. तेवढं सळयांनी निभावलं असतं. पण टोक किती झुकणार, ते लांबीच्या चौथ्या घातावर ठरतं. 1.5चा चौथा घात काढून बघ, पाचाच्या वर जातो. तिथे सळया कितीशा पुरणार? जाडीच हवी. 125 मिलिमीटरचा स्लॅब मुळाशी 200 केला.

हा चौथा घात येतो कुठून? भारापासून शिअर (कातरणारा जोर), शिअरपासून मोमेंट, मग स्लोप (उतार), मग डिफ्लेक्शन, म्हणजे झुकणं. चार वेळा इंटिग्रेशन. आज ते सॉफ्टवेअर करतं, मी कागदावर करत नाही. पण मालक समोर बसलेले असताना ठामपणे 'नाही' म्हणता आलं, ते या चार पायऱ्या पक्क्या होत्या म्हणून.

प्रश्नकर्ता
मग एम-३मधला लाप्लास ट्रान्सफॉर्मही लागतो का, ताई?

उत्तर – आरसीसी डिझाइन
लाप्लास मला कॉलेजनंतर लागला नाही. डिफरन्शियल इक्वेशन्स मात्र मनापासून कर, भूकंपात इमारत कशी डोलते ते त्यातूनच कळतं. आणि उद्या साइटवर बाल्कनीचं स्टील बघ. मुख्य सळया वरच्या बाजूला हव्यात. काँक्रीट ओतताना माणसं त्यांच्यावरून चालतात आणि त्या खाली दबतात. खाली चेअर, म्हणजे सळया उचलून धरणारे आधार, लावल्यात का, ते स्वतः वाकून बघ, आणि नसतील तर ओतायच्या आधी थांबव.