पहिली दुर्बीण घ्यायचीय: ८×४२ की १०×४२, आणि कोकणातल्या दमट हवेत टिकेल अशी कुठली?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

आम्ही दापोली तालुक्यात आंजर्ल्याच्या बाजूला राहतो, समुद्र घरापासून चालत जाण्याइतका जवळ. थंडी पडायला लागली की वाळूवर कुरवांचे (सीगलचे) थवेच्या थवे उतरतात आणि नुसत्या डोळ्यांना सगळे सारखेच दिसतात. काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा, दोघांचीही डोकी हिवाळ्यात पांढरी झालेली असतात, मग ओळखायचं कशावरून तर तपकिरीवाल्याच्या पंखाच्या काळ्या टोकात पांढरा ठिपका असतो त्यावरून, जमलं तर फिकट डोळ्यावरून, आणि हे लांब उभं राहूनच दिसायला पाहिजे कारण जवळ गेलं की अख्खा थवा उठतो. एवढ्या लांबून आलेल्या पाखरांना आपण उगाच उठवायचं हे मला अजिबात पटत नाही. शिवाय सुरूच्या शेंड्यावर समुद्री गरुड बसतो, बागांत धनेश येतात. म्हणजे काम मुख्यतः पक्ष्यांचं, तेही सकाळी लवकर नाहीतर सांजावताना.

वाचून जे समजलंय ते असं. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते, ती जास्त असली की कमी उजेडात चित्र उजळ दिसतं. ८×४२ ला ५.२५ मिमी, १०×४२ ला ४.२, आणि खिशात मावणाऱ्या ८×२५ ला जेमतेम ३, म्हणून त्या बाद. झूमवाल्या पण बाद, स्वस्तातल्या झूममध्ये चित्र अंधुक येतं आणि दिसतं तेही बोगद्यातून बघितल्यासारखं. १० पटीत हाताची थरथर पण तेवढीच मोठी होते आणि उडता पक्षी चौकटीत धरणं अवघड जातं हे पटतंय, तरी ओहोटीला खाडीच्या पार कडेला चिखल्या आणि तुतवार हे छोटे पक्षी चरत असतात ते आठवलं की १० चा मोह सुटत नाही. रोज किनाऱ्यावर बघणाऱ्यांनी सांगा, ८ पुरते का?

माझी खरी काळजी दमट हवेची आहे. घरातल्या जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्सला पावसाळ्यात आतून बुरशी लागली, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे, बाहेरून कितीही पुसा जात नाहीत. निकॉनची अॅक्युलॉन ८×४२ पोरो प्रिझमची (जुन्या धाटणीची, पुढे रुंद होणारी) आहे, त्या किमतीत चित्र छान म्हणतात, पण वॉटरप्रूफ नाही. निकॉनचीच प्रोस्टाफ पी३ ८×४२ आणि सेलेस्ट्रॉन नेचर डीएक्स ८×४२ या दोन्ही सरळ नळीच्या रूफ प्रिझमवाल्या, वॉटरप्रूफ आणि आत नायट्रोजन भरलेला, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही. मला वाटतं आपल्याकडे चित्र उन्नीस-बीस असलं तरी चालेल पण सीलबंदच घ्यावी, चार महिन्यांचा पाऊस आणि वर्षभर खारा वारा. पण हे कोकणात राहून चार-पाच वर्षं वापरलेल्या कुणीतरी सांगितलं तर जीव भांड्यात पडेल. तुम्ही पावसाळ्यात ठेवता कशात? सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झाकणाचा डबा पुरतो का, आणि भिंगावर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे सुकले तर आधी काय करायचं?

दुसरं म्हणजे दुर्बीण बाबा पण वापरणार, त्यांना चष्मा आहे आणि तो काढून बघणं त्यांना जमत नाही. चष्म्यासाठी आय रिलीफ (डोळा भिंगापासून जितका लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) निदान १५-१६ मिमी पाहिजे असं वाचलंय आणि प्रोस्टाफची त्याहून बरीच जास्त आहे. चष्मा लावून पूर्ण गोल दिसतो का? बाबांचे हात थोडे कापतात, त्यामुळे वजनाचंही सांगा, मानेच्या पट्ट्याऐवजी खांद्यावरून घ्यायचा हार्नेस लावला तर फरक पडतो का.

बजेट दहा-बारा हजार, अगदीच गरज असेल तर थोडं वर. ऑनलाइन न मागवता हातात घेऊन, बाबांच्या डोळ्याला लावून बघायचीय, तर रत्नागिरी, पुणे किंवा मुंबईत असं बघू देणारं दुकान माहीत असेल तर नक्की सांगा. दिवाळीच्या आत घ्यायचीय, तोवर कुरव यायला लागलेले असतील.

आगाऊ धन्यवाद!