पहिलीच टाकी, पाणी दुधाळ झालंय. मासे कधी सोडायचे?

निळी_शाई

नमस्कार. घरात पहिल्यांदाच माशांची टाकी मांडली आहे. माप ६० × ३० × ३० सेंटीमीटर. आत बसणारा स्पंजचा फिल्टर, हीटर आणि वर एलईडी दिवा आहे. बारीक खडी धुऊन तळाला घातली, नळाचं पाणी भरलं आणि फिल्टर सुरू केला. पहिले दोन दिवस पाणी आरपार दिसत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सगळं दुधाळ, मागची काचही नीट दिसेना. वास मात्र कसलाच नाही.

आम्हाला सांगितलं होतं की एक दिवस फिल्टर चालला की मासे सोडायला हरकत नाही. मुलगी नऊ वर्षांची आहे. तिने यादी करून फ्रिजवर लावली आहे: दोन गोल्डफिश, एक निळा फायटर, डझनभर निऑन टेट्रा आणि काच साफ ठेवायला एक सकर. रोज शाळेतून आली की दप्तर खांद्यावर असतानाच विचारते, "आज सोडायचे का?"

सगळं पाणी काढून पुन्हा भरू का? यादीतलं काय जमेल? आणि तिला सांगू काय?

गाळण

पाणी काढू नका. ही जिवाणूंची वाढ आहे, नव्या टाकीत बहुतेक वेळा होते. काही दिवसांत आपोआप बसते. पाणी बदललंत तर पुन्हा पहिल्यापासून होईल. फिल्टर रात्रीसुद्धा बंद करायचा नाही. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरिन (पाण्यातला क्लोरिन मारणारं द्रावण) घातलं होतं का? नसेल तर आधी ते घाला.

काचेपलीकडे

ताई, गाळण म्हणतात ते बरोबर आहे. दुधाळपणाची काळजी सोडा. काळजी करायची ती पाणी स्वच्छ दिसायला लागल्यावर. तेव्हा वाटतं की टाकी तयार झाली, आणि बहुतेक नवे मासे मरतात ते याच दिवसांत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मासे कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजते त्यातूनही अमोनियाच होतो. तो पाण्यात दिसत नाही आणि थोडा असेल तर वासही येत नाही, पण माशांचे कल्ले जाळतो. जुन्या टाकीत एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच. ते रक्तात गेलं की रक्ताला प्राणवायू धरता येत नाही, मग पाण्यात हवा असूनही मासे वर येऊन तोंड उघडमीट करत राहतात. नायट्रेट त्यामानाने पुष्कळ सौम्य असतं, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं.

हे जिवाणू मोकळ्या पाण्यात फारसे नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात. तुमचं पाणी पांढरं करणारे वेगळे, ते झपाट्याने वाढतात आणि ओसरतातही. हवे असलेले जिवाणू पुरेसे व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. एका दिवसात फिल्टर फक्त पाणी फिरवतो. त्याच्या स्पंजवर अजून कोणी राहायला आलेलं नसतं.

मासे न घालता हे जिवाणू वाढवता येतात, आणि माझ्या मते सुरुवात तशीच करावी. माशांच्या टाकीसाठी मिळणारं अमोनियम क्लोराईडचं द्रावण आणा आणि अमोनिया २ पीपीएम होईल इतकंच घाला, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम. तुमची टाकी कागदावर ५४ लिटरची आहे, पण खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पाणी ४५ लिटरच्या आसपास भरेल. मात्रा त्या हिशेबाने धरा. या काळात हीटर २७-२८ अंशांवर ठेवला तर जिवाणू लवकर वाढतात. पाणी फार आम्लधर्मी असेल, पीएच साडेसहाच्या खाली, तर त्यांची वाढ रखडते. तेवढं एकदा तपासून घ्या.

मोजायला थेंबांचं किट घ्या. कागदी पट्ट्यांवर माझा भरवसा नाही. कितीतरी पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो, आणि आपल्याला तर सगळ्यात आधी तोच हवा. माझ्या किटमध्ये छोट्या काचेच्या नळीत ५ मिलिलिटर पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांमधले थेंब टाकायचे, झाकण लावून हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. अमोनिया नसेल तर रंग पिवळा राहतो, असेल तर हिरवट होत जातो. नायट्राइटची नळी आकाशी असते, ती जांभळी होते. नळी पांढऱ्या कागदासमोर धरून उजेडात बघा. पिवळ्या दिव्याखाली पिवळा आणि फिकट हिरवा यांतला फरक हमखास चुकतो.

आणि हेच काम मुलीला द्या. नऊ वर्षांच्या मुलीला ते छान जमतं, फक्त थेंब तुमच्या देखत टाकू दे आणि नंतर हात धुवायला लावा. तिला एक वही द्या: तारीख, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, तापमान. "आज सोडायचे का?" याचं उत्तर तुम्ही देऊ नका, तिला नळीत बघायला सांगा. लहान मुलांना थांबायला आवडत नाही असं आपण म्हणतो, पण रोज काहीतरी बदलताना दिसत असेल तर ती आपल्यापेक्षा चिकाटीने थांबतात. हे मी घरात पाहिलं आहे.

आता यादी. गोल्डफिश या टाकीत नको. तो थंड पाण्याचा मासा आहे, खातो भरपूर, घाणही तितकीच करतो आणि वाढतो. साधा गोल्डफिश पुरेशी जागा मिळाली तर २० सेंटीमीटरच्या पुढे जातो. तुमच्या टाकीची रुंदीच ३० आहे, त्याला वळायलाही अडचण होईल. सकर विकत घेताना बोटाएवढा असतो, पण साधा सकर मोठा होऊन ३० सेंटीमीटरच्या वर जातो. शिवाय काच साफ करायला मासा आणणं हा विचारच मला पटत नाही. काच आपण पुसायची, त्याला दोन मिनिटं लागतात.

फायटर जरूर घ्या, मात्र नर एकच. त्याला २५-२७ अंश तापमान लागतं आणि फिल्टरचा झोत हळू हवा, कारण लांब पंखांनी जोराच्या प्रवाहात पोहताना तो थकतो. तो पाण्याच्या वर येऊन हवाही घेतो, त्यामुळे वर दोन-तीन सेंटीमीटर जागा सोडून झाकण ठेवा. झाकण हवंच, तो उडी मारतो. निऑन टेट्रा दिसतात सुरेख, पण नव्या टाकीत टिकत नाहीत, आणि त्यांना फायटरपेक्षा थोडं थंड पाणी मानवतं. त्याऐवजी एम्बर टेट्रा बघा. दोन सेंटीमीटरचा केशरी मासा, शांत स्वभावाचा, ऊबही त्याला चालते. आठ-दहा एकत्र ठेवा, कमी असले तर कोपऱ्यात दबून बसतात. आधी टेट्रा सोडा, फायटर सगळ्यांत शेवटी. आधी आला तर अख्खी टाकी आपली समजून बसतो. तरी एखादा फायटर तापट निघतोच, त्यासाठी वेगळी छोटी टाकी ठेवायची तयारी असू द्या.

एक राहिलं. पाणी, काच, खडी मिळून ६०-७० किलोपर्यंत वजन होईल. ज्या टेबलावर ठेवली आहे ते हलवून बघा. टाकीच्या तळाखाली पातळ फोमची शीट हवी. आणि वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली लोंबून मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत न जाता खाली टपकतं.

शेवाळ

वरच्याशी सहमत, थोडी भर घालते. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवा. आणताना त्याच टाकीच्या पाण्यात भिजलेला ठेवा, सुकू देऊ नका. यानं सहा आठवड्यांचं काम कितीतरी लवकर होतं. पण त्या टाकीत अलीकडे कुणी आजारी नव्हतं याची खात्री करा, नाहीतर जिवाणूंबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही घरी येईल.

रोपं आत्ताच लावा, माशांसाठी थांबू नका. जावा फर्न आणि अनुबियास कमी उजेडातही जगतात. दोन्हींचं आडवं खोड खडीत पुरायचं नाही, पुरलं तर कुजतं. लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने सैल बांधा, मुळं आपली आपण धरतात. दिवा दिवसाला सहा-सात तास पुरे, आणि टाकीवर थेट ऊन नको. काही आठवड्यांनी काचेवर तपकिरी थर दिसेल. नव्या टाकीत तो येतोच, बोटानं पुसला तरी निघतो. त्याला औषध घालू नका.

निळी_शाई

सगळ्यांचे खूप आभार. अँटी-क्लोरिन घातलं, अनुबियास आणला, टेबल बदललं. पाणी आता स्वच्छ आहे. फ्रिजवरच्या यादीत गोल्डफिश आणि सकरवर तिने स्वतःच काट मारली, निऑनच्या जागी एम्बर लिहिलं. वही सुरू आहे. अमोनिया बरेच दिवस हिरवा येत होता, आता फिकट होऊ लागलाय. पण नायट्राइटची नळी काल एकदम गर्द जांभळी झाली. ती घाबरून म्हणाली, "आई, पाणी बिघडलं." काही करायचं का?

आणखी दोन शंका. आमचं पाणी दिवसभर साठवलेलं असतं, तरी अँटी-क्लोरिन लागेल का? आणि फिल्टरचा स्पंज बुळबुळीत झालाय, नळाखाली धुऊ का?

काचेपलीकडे

तिला सांगा, पाणी बिघडलं नाही, काम निम्म्यावर आलं. अमोनिया खाणारे जिवाणू आले म्हणून नायट्राइट झालं. ते खाणारे दुसरे जिवाणू मागून येतात आणि बहुतेक वेळा जास्त वेळ घेतात. आत मासे नाहीत तोवर जांभळ्या रंगाने कुणाचं नुकसान नाही. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा थोडा घालत राहा, पहिल्या जिवाणूंना उपाशी ठेवू नका. पण आता मात्रा अर्धी, १ पीपीएम पुरे, म्हणजे नायट्राइट अवाच्या सवा चढणार नाही.

साठवलेल्या पाण्यातून क्लोरिन उडून जातो, क्लोरामाइन (क्लोरिन आणि अमोनिया मिळून झालेलं जंतुनाशक) जात नाही. तुमच्याकडे शुद्धीकरणाला काय वापरतात ते माहीत नसेल तर प्रत्येक वेळी अँटी-क्लोरिन घाला.

स्पंज नळाखाली अजिबात नको. तो बुळबुळीतपणाच तुम्ही इतके दिवस वाढवताय. प्रवाह मंदावला तरच धुवा, तोही टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत, दोनदा पिळून. आत्ता हातच लावू नका.

मासे आणायचे ते २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतील तेव्हा. त्याच दिवशी अर्ध्याहून जास्त पाणी बदला, म्हणजे साठलेलं नायट्रेट खाली येईल. पाणी बदलताना हीटरचा प्लग काढायचा. उघडा पडला आणि चालू असला तर काच तडकते.

आधी फक्त सहा एम्बर आणा. दिवा बंद ठेवून पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग जाळीने मासे काढून सोडा, पिशवीतलं पाणी आत ओतू नका. पहिल्या दिवशी खायला घालू नका, दुसऱ्या दिवसापासून मिनिट-दीड मिनिटात संपेल इतकंच, आणि घालायचं काम घरात एकाच माणसाकडे. दोन-तीन जण घालायला लागले की हमखास जास्त होतं. वही बंद करू नका. मासे आल्यावर पहिले दोन आठवडे रोज मोजा, आणि अमोनिया किंवा नायट्राइट ०.२५ पीपीएम जरी दिसलं तरी त्याच संध्याकाळी पाव टाकी पाणी बदला. तुमचा पीएच ८ च्या जवळ असेल तर हे जास्तच सांभाळा. ७ पीएचला एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो, ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो. पीएच किती आला ते इथे कळवा, मग उरलेल्या एम्बरचं आणि फायटरचं ठरवू.